ढवळ्या, पवळ्या आणि गोमाशी



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, मोडी कागदांवर भाषणे झाली. तिथे आज मी गोमाशी घेऊन उभा आहे. निमंत्रणपत्रिका हाती पडल्यावर काहींना हसू आले असणार, आणि त्यात गैर काही नाही. ज्याची सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली त्याने ज्ञानेश्वरीवर बोलण्यापेक्षा हे बरे, असा विचार मंडळाने केला असावा.

तसा विषय भाषेला परका नाही. मराठीत माशी पुष्कळ ठिकाणी येऊन बसली आहे. काम बिघडले की माशी कुठे शिंकली ते आपण शोधतो. मानी माणूस नाकावर माशी बसू देत नाही आणि रिकामा माणूस माश्या मारतो. पण या साऱ्या घरमाश्या. त्या चावत नाहीत. चावणारीसाठी संस्कृतात दंश हा शब्द होता. चावणे तोही दंश, आणि चावणारी रानमाशी तीही दंश. त्यातूनच आपला डास निघाला आणि तो मच्छराच्या वाट्याला गेला. मला आज बोलायचे आहे ते त्या मूळ दंशाबद्दल. मधमाशीहून मोठी, मोठ्या चकाकत्या डोळ्यांची, भर उन्हात जनावराभोवती घोंघावणारी ती गोमाशी. कोणी तिला घोडेमाशी म्हणतात. शास्त्रात तिच्या कुळाला टॅबॅनिडी असे नाव आहे.

आणि दुसरा धागा आपल्या म्हणीचा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. इथे वाण म्हणजे वर्ण, रंग. शेजारी बांधल्याने रंग लागत नाही, खोड मात्र लागते. आपण ही म्हण गुणावर जोर देऊन वापरतो आणि वाण सोडून देतो. पण एकाच दावणीला एक पांढरे आणि एक काळे जनावर बांधून भर दुपारी पाहत बसा. गोमाशीच्या लेखी वाणाला फार किंमत आहे. ती काळ्याकडे जाते.

आपल्यापैकी अनेकांची घराणी शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर इकडे आली. पागेच्या शब्दांनी त्यांचे जुने कागद भरलेले असतात. मुश्की म्हणजे काळा, कुमाईत म्हणजे तांबूस तपकिरी, सब्जा म्हणजे राखाडी पांढरा, अबलख म्हणजे दुरंगी, चारी पाय आणि कपाळ पांढरे तो पंचकल्याणी. बहुतेक नावे फारसी-अरबीतून आलेली, पण आपण ती आपलीच करून टाकली. शालिहोत्राच्या नावाने चालणाऱ्या अश्वशास्त्रात तर रंग आणि अंगावरचे भोवरे यांवरून घोडा शुभ की अशुभ हे ठरे. आता कोणी म्हणेल, पांढऱ्या घोड्याला पूर्वजांनी श्रेष्ठ मानले ते माश्यांचे शास्त्र ठाऊक असल्यामुळेच. असे कृपा करून म्हणू नका. त्या ग्रंथांत रंगाचा विचार शकुनासाठी आहे, माश्यांसाठी नाही. पागेतल्या मोतद्दाराला मात्र कोणत्या घोड्याची शेपूट दिवसभर थांबत नाही हे नक्की ठाऊक असणार. त्याचे शहाणपण ग्रंथात उतरले नाही, एवढेच.

आता, माशी चावली तर चावली, त्यात एवढे काय, असे वाटेल. म्हणून ती चावते कशी हे आधी सांगतो. नर गोमाशी फुलातला रस पिऊन राहतो. मादीला अंडी पिकवायला रक्त लागते. ती डासासारखी बारीक सुई टोचत नाही. तिच्या तोंडात पात्यांसारखे अवयव असतात. त्यांनी ती कातडी चिरते आणि जखमेत साचलेले रक्त चाटते. हे दुखते. जनावर शेपूट मारते, कातडी थरथरवते, पाय आपटते, चरणे सोडून देते. माशी अर्ध्या ताटावरून उठते, आणि पोट भरले नसल्यामुळे शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. तोंडाला पहिल्याचे ओले रक्त तसेच असते. म्हणजे ज्या वेदनेमुळे जनावर माशीला हाकलते, तीच वेदना रोग एका जनावरातून दुसऱ्यात पोचवते.

असा रोग आपल्याकडे आहे. १८८० मध्ये ग्रिफिथ एव्हान्स हे वेल्श पशुवैद्य डेरा इस्माईल खान येथे सैन्याच्या कामावर होते. तिथे मरायला टेकलेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जीव दिसले. ट्रिपॅनोसोमा वर्गातला, रोग करणारा म्हणून ओळखला गेलेला हा पहिला जीव. हे जीव रोगाचे कारण असतील हे त्या वेळच्या वरिष्ठांना पटले नाही. पुढे त्या जीवाला एव्हान्स यांचेच नाव मिळाले. रोगाचे नाव सर्रा. काही इंग्रजी कोश या शब्दाचे मूळ मराठी म्हणून देतात, नाकातून निघणारा सूं-सूं आवाज या अर्थाने. सरहद्दीवर सापडलेल्या रोगाला मराठी नाव, याची मला गंमतही वाटते आणि थोडा संशयही येतो. हिंदीवाले त्यावर हक्क सांगतील तर मी भांडणार नाही. पण पुण्याचा संबंध खराच आहे. १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली, जी काही वर्षांतच कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर बरेच काम केले. आणि हा रोग गोमाशीच्या चाव्यातून जातो हे लेनर्ड रॉजर्स यांनी भारतातच प्रयोग करून १९०१ मध्ये प्रसिद्ध केले.

माणसाला सर्रा होत नाही असे आम्ही शिकलो. आपल्या रक्तातले एक प्रथिन त्या जीवाला मारून टाकते. पण २००४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचे जीव सापडले आणि वैद्यकात मोठी खळबळ झाली. तपासात दिसले की ते प्रथिन त्याच्या रक्तात जन्मतःच काम करत नव्हते. औषधाने तो बरा झाला. ही अगदी विरळा गोष्ट आहे, पण गुराचे दुखणे आणि माणसाचे दुखणे यांत भिंत किती पातळ असते ते तिने दाखवले.

तेव्हा गोमाशी कोणावर उतरते हा प्रश्न फावल्या वेळेचा नाही. आता तिच्या डोळ्याकडे येऊ.

सूर्याच्या प्रकाशाचे कंप सगळ्या दिशांनी होत असतात. पाण्यासारख्या गुळगुळीत पृष्ठावर तो तिरपा पडून परतला की त्यात आडवे कंप जास्त उरतात. अशा प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. माणसाच्या डोळ्याला तो वेगळा ओळखता येत नाही. पोलरॉइडचा चष्मा घेऊन सिरपूर तलावाच्या काठी उभे राहा. चष्मा लावला की पाण्याची चकाकी विझते आणि काठाजवळचा तळ दिसू लागतो. तोच चष्मा हातात धरून नव्वद अंशांनी फिरवून त्यातून पाहा, चकाकी परत येते. पाण्यावरचा प्रकाश ध्रुवित असल्याचा हा घरगुती पुरावा. नातवंडांना दाखवण्यासारखा आहे.

पाण्याशी संबंध असलेल्या कीटकांना हा फरक चष्म्याशिवाय दिसतो. १९८० च्या दशकात रुडोल्फ श्विंड यांनी उताणे पोहणाऱ्या एका पाणकिड्यावर प्रयोग करून दाखवले की उडताना खाली पाणी आहे हे तो याच खुणेने ओळखतो. पुढे बुडापेस्टच्या एट्वश लोरांड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ गाबोर होरवात आणि त्यांचे सहकारी या विषयाच्या मागेच लागले. डांबरी रस्ता, काळे प्लॅस्टिक, तेलाचे डबके, काळी मोटार, सौर पट्ट्या, जे जे काळे आणि चकचकीत त्यावर पाणकिडे पाणी समजून उतरतात, अंडीही घालतात. दफनभूमीतल्या घोटीव काळ्या दगडांवर चतुर घिरट्या घालत राहतात, तेही यामुळेच. २००८ मध्ये या मंडळींनी दाखवले की गोमाशीही याच खुणेकडे ओढली जाते. गोमाशी अंडी घालते ती पाणवठ्याच्या आसपास, तिच्या अळ्या वाढतात त्या चिखलात. पाणी सापडले की पाण्यावर येणारी जनावरेही सापडतात.

आता काळा घोडा घ्या, नीट खरारा केलेला, अंगावर तकाकी असलेला. त्याच्या केसांच्या पृष्ठावरून जो प्रकाश उसळतो तो ध्रुवित असतो. जो प्रकाश केसांत शिरतो तो काळा रंग गिळून टाकतो. म्हणजे बाहेर येतो तो बहुतेक ध्रुवितच. पांढऱ्या घोड्याच्या केसांत शिरलेला प्रकाश गिळला जात नाही. तो केसाकेसावर ठोकरा खात शेवटी बाहेर येतो आणि इतक्या ठोकरांनंतर त्याच्या कंपांना एक दिशा उरत नाही. पृष्ठावरून उसळलेला थोडासा ध्रुवित भाग त्या पांढऱ्या पुरात बुडून जातो. तेव्हा माशीला काळा रंग आवडतो, असे आपण म्हणतो ते आपल्या डोळ्याने पाहून. तिच्या डोळ्याला त्या अंगावर ओळखीची, पाण्यासारखी खूण दिसते. पांढऱ्यावर ती पुसट असते. २०१० मध्ये होरवात यांच्या गटाने घोड्यांवर आणि चिकट लेप लावलेल्या लक्ष्यांवर हे मोजून प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळाले. हा पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात. हसणारे हसले, पण ज्याच्याकडे घोडा आहे तो हसला नसेल.

इथवर गोष्ट सरळ आहे. पट्टे आले की गुंता सुरू होतो.

झेब्र्याला पट्टे कशासाठी, यावर वॉलेस आणि डार्विन यांचे मत जुळले नव्हते. संधिप्रकाशात पट्टे लपायला मदत करतात असे वॉलेस यांना वाटे. डार्विन यांनी १८७१ च्या ग्रंथात हे नाकारले; उघड्या माळावर पट्ट्यांनी कसले लपणे, असा त्यांचा रोख. शंभर वर्षांनंतर, १९८१ मध्ये जेफ्री वागे यांनी चावऱ्या माश्यांचे कारण जोराने पुढे मांडले. २०१२ मध्ये हंगेरीच्या गटाने माळावर चिकट लेपाचे चार नकली घोडे उभे केले. काळ्यावर साडेपाचशेहून जास्त गोमाश्या चिकटल्या, तपकिरीवर तीनशेहून जास्त, पांढऱ्यावर वीस-बावीस, आणि पट्टेरीवर दहासुद्धा नाहीत. हा शेवटचा आकडा पाहा. पट्टेरी अंग अर्धे काळे असते. साध्या हिशेबाने त्यावर पांढऱ्याहून पुष्कळ जास्त माश्या यायला हव्या होत्या. म्हणजे काळ्या-पांढऱ्याची बेरीज-वजाबाकी इथे चालत नाही, तुकडे पाडण्यातच काही आहे. सौर पट्ट्यांवर पांढऱ्या रेघांची जाळी आखली तर पाणकिड्यांचे उतरणे कमी होते, हेही याच गटाने दाखवले.

दुसरीकडे टिम कॅरो. त्यांनी २०१४ मध्ये नकाशे जुळवून दाखवले की घोड्याच्या कुळात पट्टे आहेत ते चावऱ्या माश्यांच्या मुलखात राहणाऱ्या जातींना. पुढे ते आणि ब्रिस्टलचे मार्टिन हाऊ इंग्लंडमधल्या एका तबेल्यात झेब्रे आणि घोडे यांच्याजवळ कॅमेरे घेऊन बसले. त्यांचे निष्कर्ष २०१९ चे. माश्या झेब्र्याभोवती घोड्याइतक्याच घिरट्या घालत होत्या. उतरत मात्र पाव प्रमाणातच होत्या. चित्रफितीत दिसले की उतरण्यापूर्वी माशीने वेग कमी करायला हवा तो ती करत नाही. ती झेब्र्यावर आपटते किंवा बाजूने निघून जाते. मग त्यांनी घोड्यांना झुली घातल्या: एकदा काळी, एकदा पांढरी, एकदा पट्टेरी. पट्टेरी झुलीवर माश्या फारच कमी बसल्या. घोड्याचे डोके उघडे होते. त्यावर मात्र झूल कोणतीही असली तरी माश्या सारख्याच. ही उघड्या डोक्याची तुलना मला फार आवडते. तोच घोडा, तोच वास, तेच ऊन. बदलला तो फक्त कपडा.

यावर दोन गटांत वाद आहे. एक म्हणतो, महत्त्व ध्रुवित प्रकाशाच्या खुणेला. दुसरा म्हणतो, जवळ आल्यावर माशीची नजर पट्ट्यांनी गोंधळते. पुढे चौकटींची झूल घालूनही माश्या कमी झाल्या, तेव्हा पट्टाच हवा असेही राहिले नाही. मला विचाराल तर दोघांत तडजोड होण्याजोगी आहे. लांबून माशीला बोलावणारी खूण वेगळी आणि जवळ आल्यावर पाय टेकवण्याचा निर्णय वेगळा. आपणही लांबून पाटी पाहून खानावळीत शिरतो, आणि टेबलाचा अवतार पाहून परत फिरतो.

गायींकडे वळतो, कारण आपला संबंध घोड्यांपेक्षा त्यांच्याशी अधिक. जपानमध्ये टोमोकी कोजिमा आणि सहकाऱ्यांनी सहा काळ्या गायी घेतल्या. एकदा त्यांच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले, एकदा काळेच पट्टे रंगवले, एकदा काहीच नाही. काळ्यावर काळे पट्टे कशाला, असे वाटेल; पण माश्या रंगाच्या वासाने पळतात की पट्ट्यांनी, हे त्याशिवाय कळणार कसे? पांढऱ्या पट्ट्यांच्या गायींवर चावऱ्या माश्या सुमारे निम्म्या झाल्या, शेपट्या आणि पाय आपटणेही घटले. काळ्या पट्ट्यांनी तसा फरक पडला नाही. कीटकनाशकाची फवारणी कमी करता येईल का, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. २०२५ मध्ये त्यांनाही इग नोबेल मिळाले. आमच्या गोठ्यांतून फवारा मारताना गडी नाकाला फडकेसुद्धा लावत नाही, आणि ते औषध दुधाच्या किती जवळ असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रश्न हास्यास्पद वाटणार नाही.

बेंदराला, पोळ्याला आपण बैल रंगवतोच, असे तुमच्यापैकी कोणीतरी आता मनात म्हणत असेल. ती बैलाची पूजा आहे, आणि पांढऱ्या बैलावर गेरूचे चार ठसे उठवल्याने माशीची नजर गोंधळेल असे मानायला आधार नाही. ठिपक्यांवरही प्रयोग झाले आहेत. ठिपके जितके लहान आणि जितके पुष्कळ, तितक्या गोमाश्या कमी. त्यामुळे नाशिककडची डांगी किंवा लातूर-बीदरकडची देवणी काळी-पांढरी आहे म्हणून ती झेब्र्यासारखी सुरक्षित, असेही समजू नये. त्यांचे धब्बे मोठे असतात.

खिल्लारी, माळवी, कांकरेज यांची गोष्ट वेगळी. त्यांचे केस पांढरे किंवा राखी, आणि केसांखालची कातडी काळी. पांढरा घोडा माश्यांपासून वाचतो, पण त्याला दुसरीकडे किंमत मोजावी लागते. गुलाबी कातडीचा नुकरा उन्हात भाजतो, आणि वयाबरोबर पांढऱ्या होत जाणाऱ्या घोड्यांत कातडीच्या गाठींचा विकार फार. आपल्या बैलाचे तसे नाही. वरचा पांढरा केस ऊन आणि माशीची खूण दोन्ही परतवतो आणि आत शिरलेल्या उन्हाला काळी कातडी अडवते. ही रचना माश्यांसाठीच झाली असे मी म्हणत नाही, उष्णतेचा वाटा त्यात मोठा असणार. लाभ मात्र दुहेरी आहे.

आणि बिचारी म्हैस. काळी, विरळ केसांची, पाण्यातून निघाली की चकाकणारी; गोमाशीला याहून ठळक पाटी कोणती हवी? म्हैस चिखलात लोळते ते मुख्यतः उकाड्याने, कारण तिला घाम फार कमी येतो. पण अंगावर वाळलेला चिखल खरखरीत आणि फिकट असतो. अशा पृष्ठावरून ध्रुवित प्रकाश कमीच येणार, आणि चिखलाच्या थरातून पाती चालवणेही अवघड. म्हणून माझा सल्ला असे: माश्यांच्या हंगामात म्हशीला दुपारी घासूनपुसून लख्ख करून उन्हात बांधू नका. संध्याकाळी धुवा.

एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. हे सगळे गोमाशीचे झाले. सगळ्या चावऱ्या माश्या एका डोळ्याने पाहत नाहीत. आफ्रिकेतली त्से त्से माशी निळ्या कापडाकडे येते आणि काळ्यावर बसते, म्हणून तिच्यासाठी निळे-काळे सापळे लावतात. गोठ्यात पायांना चावणारी जी लहान माशी असते, तिला पकडायचे सापळे पांढुरक्या अर्धपारदर्शक फायबरच्या पत्र्याचे असतात. शिवाय रंगाआधी श्वास आणि घामाचा वास आहेच. तेव्हा पांढरी गाय घेतली की माश्यांचा प्रश्न मिटला, असे कोणाला सांगू नका.

मग करायचे काय? गोमाशीला ऊन लागते. तापलेले, उन्हातले काळे अंग तिला सर्वांत आवडते, सावलीत ती फार येत नाही. काळ्या जनावराला सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत सावली मिळाली तर निम्मे काम झाले. घोडा असेल तर पातळ कापडाची पट्टेरी झूल घालावी. जुन्या सतरंजीसारखी जाड नको, घोडा उकडून जाईल. डोके उघडे राहते, त्यासाठी कपाळावर दोऱ्यांची झालर बांधावी. युरोपात एक सापळाही वापरतात. कुरणाच्या कडेला चकचकीत काळा मोठा चेंडू टांगतात आणि त्यावर छत्रीसारखे कापड व वर डबी लावतात. माशी चेंडूवर येते, रक्त न मिळाल्याने वर उडते आणि डबीत अडकते. असा चेंडू इथे कोणी करून पाहणार असेल तर एवढे लक्षात ठेवा की तो जनावरांपासून थोडा दूर आणि पूर्ण उन्हात टांगायचा. झाडाच्या सावलीत टांगलेल्या चेंडूकडे ती ढुंकून पाहत नाही.